रचलेला खरेपणा : ‘द फ्रेंच कनेक्शन’च्या निर्मितीचे विवेचन

१. प्रश्न

ब्रुकलिनमधल्या एका रस्त्यावर लोहमार्गाचा उंच पूल आहे. त्याच्या खांबांमधून एक तपकिरी पॉन्टियाक सुसाट चालली आहे. वरून लोकल धावते आहे आणि लोकलमध्ये खुनी आहे. खालचा पोलीस एक डोळा वर आणि एक समोर ठेवून मोटार दामटतो आहे. एका चौकात आडवी एक पांढरी मोटार येते आणि पॉन्टियाकला धडकते. प्रेक्षक खुर्चीत दचकतो.

ही धडक पटकथेत नव्हती. पांढरी मोटार त्याच भागात राहणाऱ्या एका माणसाची होती. तो कामावर निघाला होता आणि चौकात चित्रीकरण चालू आहे याचा त्याला पत्ताच नव्हता. निर्मात्यांनी दुरुस्तीचा खर्च दिला आणि धडक चित्रपटात ठेवून दिली.

विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित ‘द फ्रेंच कनेक्शन’ ऑक्टोबर १९७१ मध्ये प्रदर्शित झाला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, रूपांतरित पटकथा आणि संकलन अशी पाच ऑस्कर मिळाली. रखरखीत शहरी गुन्हेपट म्हटले की आजही पहिल्यांदा याचेच नाव निघते, आणि त्याच्या निर्मितीच्या कथा चित्रपटाइतक्याच गाजल्या आहेत. पण त्या बहुधा किस्से म्हणून सांगितल्या जातात. फ्रीडकिन किती बेडर होता, जीन हॅकमन किती चिडला, कोणाला किती लाच दिली, इतक्यावर गोष्ट संपते. प्रस्तुत लेखात हे किस्से पुरावा म्हणून वापरून एका प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे : अशा चित्रपटाला आपण ‘खरा’ म्हणतो, तेव्हा त्यातले नेमके काय खरे असते?

२. वर्गीकरण

चित्रपटातला खरेपणा तीन पातळ्यांवर तपासता येतो. पहिली पातळी माहितीची : जे घडले तेच दाखवले आहे का? दुसरी साहित्याची : माणसे, जागा, वस्तू आणि हवा अस्सल आहे का? तिसरी पाहण्याची : कॅमेरा, ध्वनी आणि संकलन यांमुळे आपण घटनास्थळी उभे आहोत असे वाटते का?

समीक्षेत या तिन्ही पातळ्यांची सरमिसळ होते आणि सगळ्यांना मिळून ‘वास्तववाद’ असे एकच लेबल लागते. निर्मितीची कागदपत्रे आणि आठवणी पाहिल्या, तर या चित्रपटाने तिन्ही पातळ्यांना तीन वेगळे न्याय लावलेले दिसतात. माहितीच्या बाबतीत तो बिनदिक्कत खोटे बोलतो. साहित्याच्या बाबतीत काटेकोर राहतो. पाहण्याच्या बाबतीत खरेपणा चक्क कारखान्यात घडवावा तसा घडवतो. आता एकेक पातळी क्रमाने पाहू.

३. पार्श्वभूमी : हे तेव्हाच का शक्य झाले

रस्त्यावर जाऊन गुन्हेपट काढण्याची कल्पना फ्रीडकिनची नव्हे. ज्यूल्स दासँचा ‘द नेकेड सिटी’ १९४८ मध्येच न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर चित्रित झाला होता. पण पुढची कित्येक वर्षे त्या शहरात चित्रीकरण करणे म्हणजे परवान्यांसाठी कार्यालयांचे उंबरे झिजवणे होते. १९६६ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी चित्रपटांसाठी स्वतंत्र कार्यालय काढले आणि एका परवान्यावर काम भागू लागले. त्यानंतरच्या दशकात न्यूयॉर्कचे गुन्हेपट एकामागून एक आले, त्यामागे हे साधे प्रशासकीय कारण आहे.

दुसरे कारण तांत्रिक. हातात धरता येतील असे हलके कॅमेरे तोवर सर्रास वापरात आले होते. फिल्मही अशी होती, की लॅबमध्ये तिची संवेदनक्षमता ताणून अपुऱ्या प्रकाशात काम निभावता येई. तिसरे कारण उदाहरणाचे. १९६९ चा कोस्टा-गाव्हरास यांचा ‘झेड’ पाहून राजकीय थरारपट बातमीपटासारखा दिसू शकतो, हे फ्रीडकिनला उमगले. त्याने स्वतःच तसे सांगितले आहे.

चौथे कारण स्वतः फ्रीडकिन. शिकागोच्या दूरचित्रवाणीत तो घडला. फाशीची शिक्षा झालेल्या पॉल क्रम्प या कैद्यावर त्याने ‘द पीपल व्हर्सेस पॉल क्रम्प’ हा माहितीपट केला होता. घटना चालू असताना कॅमेरा मागे धावतो तेव्हा फ्रेम कशी हलते, फोकस कसा सुटतो आणि पुन्हा कसा सापडतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. पुढे तो जे मुद्दाम घडवणार होता, ते आधी त्याने नकळत केलेले होते.

४. पहिली पातळी : माहिती

१९६१-६२ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या अमली पदार्थ शाखेतील एडी ईगन आणि सॉनी ग्रोसो यांनी फ्रान्सहून आलेली हेरॉइनची मोठी खेप पकडली. एकूण ११२ पौंड, म्हणजे सुमारे ५१ किलो. माल फ्रान्सहून जहाजाने आणलेल्या एका ब्यूइक मोटारीत दडवला होता आणि ती मोटार आणणारा माणूस फ्रेंच दूरचित्रवाणीवरचा ओळखीचा चेहरा होता. या प्रकरणावर रॉबिन मूर यांचे पुस्तक १९६९ मध्ये आले आणि त्यावरून अर्नेस्ट टिडीमन यांनी पटकथा लिहिली.

चित्रपटात ब्यूइकची लिंकन कॉन्टिनेंटल झाली, ईगनचा पॉपाय डॉइल झाला आणि ग्रोसोचा रूसो झाला. इथवर नावे बदलण्याचा रिवाज म्हणता येईल. पण ज्या पाठलागामुळे चित्रपट लोकांच्या लक्षात आहे, तो मूळ प्रकरणात नव्हताच. निर्माता फिलिप डी’अँटोनी आधी ‘बुलिट’ या चित्रपटाचा निर्माता होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरचा त्यातला मोटारींचा पाठलाग जगभर गाजला होता. आता त्याच्या तोडीचे काहीतरी हवे, पण तेच नको. फ्रीडकिन आणि डी’अँटोनी मॅनहॅटनच्या रस्त्यांवर मैलोगणती चालत निघाले आणि चालता चालता प्रसंग रचत गेले. मोटारीने मोटारीचा पाठलाग नको. मोटारीने आगगाडीचा का नाही? पाठलागाचे बीज असे फूटपाथवर पडले.

शेवटही असाच. ओसाड इमारतीत डॉइल चुकून आपल्याच बाजूच्या एका अधिकाऱ्याला गोळी घालतो. असे प्रत्यक्षात काही घडले नव्हते. सगळ्यात शेवटी पडद्याआड एक गोळी झाडल्याचा आवाज येतो. तिचा अर्थ काय, यावर पन्नास वर्षे वाद चालले. फ्रीडकिनचे उत्तर सरळ होते : चित्रपट एका आवाजावर संपावा म्हणून तो घातला.

तात्पर्य, ‘सत्यकथेवर आधारित’ ही पाटी या चित्रपटाच्या खरेपणाचे कारण नाही. घटना सर्वांत मोकळेपणी बदलल्या आहेत त्या जागीच प्रेक्षकाला तो सर्वाधिक खरा वाटतो.

५. दुसरी पातळी : साहित्य

घटनांच्या बाबतीत इतका सैल असलेला दिग्दर्शक माणसे आणि वस्तू यांच्या बाबतीत मात्र हटवादी होता.

(अ) माणसे. ईगन आणि ग्रोसो सल्लागार तर होतेच, शिवाय दोघेही पडद्यावर आहेत. ईगन डॉइलच्या वरिष्ठाची, लेफ्टनंट सिमन्सनची भूमिका करतो. म्हणजे ज्याच्यावरून नायक बेतला तोच नायकाला दटावतो. ग्रोसो केंद्रीय तपास अधिकारी झाला आहे. मोटारीची चिरफाड करणारा मेकॅनिक आयर्व्हिंग एब्राहम्स हा मूळ प्रकरणात मोटार उघडणारा पोलीस मेकॅनिकच आहे. आगगाडीचा मोटरमन म्हणून दिसणारा माणूस खराखुरा मोटरमन आहे. पाठलागात पॉन्टियाक चालवणारा स्टंटचालक बिल हिकमन यालाही भूमिका आहे. डॉइलच्या हातून मारला जाणारा अधिकारी तोच.

डॉइल साकारणारा हॅकमन आणि रूसो साकारणारा रॉय शायडर यांनी चित्रीकरणाआधी काही आठवडे ईगन-ग्रोसोंबरोबर गस्तीवर घालवले. बारमध्ये घुसून सगळ्यांना भिंतीशी उभे करायचे, जमिनीवर पडलेल्या पुड्या गोळा करायच्या आणि तोंडाची टकळी अखंड चालू ठेवायची, ही ईगनची पद्धत त्यांनी डोळ्यांनी पाहिली. चित्रपटातील बरेच बोलणे तिथून आले आहे. संशयिताला गोंधळवण्यासाठी ईगन त्याला मध्येच एक निरर्थक प्रश्न विचारी : पकिप्सी गावात बसून तू पायांची बोटे कधी कोरली होतीस का? समोरचा त्या प्रश्नात अडकला की जोडीदाराचा साधा प्रश्न त्याला सुटकेसारखा वाटे आणि तो बोलून जाई. पटकथाकाराला टेबलाशी बसून हा प्रश्न सुचला नसता.

याची किंमत हॅकमनने मोजली. संशयिताला थपडा मारण्याचा प्रसंग सुरुवातीलाच चित्रित होत होता आणि तो जमेना. टेकमागून टेक वाया गेले. ईगनची वर्णद्वेषी भाषा आणि त्याचा निर्दयपणा हॅकमनला झेपत नव्हता. आपल्याला सोडा, असे त्याने दिग्दर्शकाला सांगितलेही. फ्रीडकिनने त्याला सोडले नाही, डिवचत ठेवले. डॉइलच्या चेहऱ्यावर सतत असलेली चीड कुठवर अभिनयाची आणि कुठून पुढे हॅकमनची, हे पडद्यावर वेगळे करता येत नाही.

उलट उदाहरण खलनायकाचे. फ्रीडकिनला लुईस बुन्यूएलच्या ‘बेल द झूर’मधला एक अभिनेता हवा होता, पण नाव आठवत नव्हते. पात्रनिवड करणाऱ्याने बुन्यूएलचाच अभिनेता म्हणून फर्नांडो रे याला बोलावले. तो विमानतळावर उतरल्यावर चूक कळली. हवा होता फ्रान्सिस्को राबाल. रे स्पॅनिश होता, फ्रेंच नव्हे, आणि दाढी काढायला तयार नव्हता. चौकशी केली तर राबालला इंग्रजी येत नाही, असे कळले. मग रे यालाच ठेवले, आणि छत्री फिरवत चालणारा तो सभ्य गृहस्थ डॉइलच्या राकटपणाचा नेमका विरोधी रंग ठरला. साहित्य अस्सल असावे हा नियम इथे अपघाताने मोडला आणि फायदाच झाला. म्हणजे नियमालाही मर्यादा आहे. पोलीस अस्सल लागतो, कारण तो कसे वागतो हे आपण पाहतो. फ्रेंच माणूस अस्सल लागत नाही, कारण तो डॉइलला कसा दिसतो एवढेच आपण पाहतो.

(आ) जागा आणि हवा. चित्रीकरण १९७०-७१ च्या हिवाळ्यात झाले. फ्रेंच पाहुणा उबदार उपाहारगृहात ताटामागून ताट संपवतो आहे आणि रस्त्याच्या पलीकडे दारात उभा डॉइल पिझ्झाचा तुकडा चावतो, कागदी पेल्यातली कॉफी चाखतो आणि ती ओतून देतो. या प्रसंगात संवाद जवळजवळ नाहीत. तोंडातून निघणारी वाफ मेकअपवाल्याची नाही, आखडलेले खांदे दिग्दर्शकाच्या सूचनेमुळे नाहीत. पोलीस आणि तस्कर यांच्यातले वर्गाचे अंतर दाखवायला कोणाला भाषण करावे लागत नाही. थंडी ते काम करते.

(इ) वस्तू. संशयित लिंकन पोलिसांच्या गॅरेजात आणली जाते आणि तिचा एकेक भाग सुटा होतो. गाद्या निघतात, पत्रे निघतात, हाती काही लागत नाही. मग रूसो वजनाचा हिशेब काढतो : गाडी असायला हवी त्याहून १२० पौंड जड आहे. शेवटी दाराखालच्या पट्टीत माल सापडतो. थोड्याच वेळात तीच मोटार जशीच्या तशी चकचकीत होऊन मालकाच्या ताब्यात जाते. एवढी फाडलेली गाडी काही तासांत कशी जोडली? जोडलीच नाही. निर्मात्यांकडे एकसारख्या दोन गाड्या होत्या. चिरफाड खरी, चिरफाड करणारा खरा, आणि पुनर्जन्म खोटा. या चित्रपटाची घडण एका प्रसंगात पाहायची असेल तर हा प्रसंग पाहावा.

६. तिसरी पातळी : पाहणे

(अ) कॅमेरा. फ्रीडकिनने आपल्या पद्धतीला दिलेल्या नावाचा मराठीत अर्थ होतो ‘घडवून आणलेला माहितीपट’. छायालेखक ओवेन रॉइझमन याचा हा दुसराच चित्रपट होता. फ्रीडकिन नटांना त्यांच्या हालचाली वेगळ्या समजावून देई आणि प्रकाशयोजनेबद्दल रॉइझमनशी वेगळे बोले. प्रत्यक्ष कॅमेरा चालवणाऱ्या एन्रिके ब्राव्होला मात्र कोण कुठून येणार, कुठे थांबणार, हे अनेकदा सांगितलेलेच नसे. ब्राव्हो हा क्यूबाच्या क्रांतीत कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस. समोर घटना घडू लागली की तो ती हुडकत जाई. म्हणून पडद्यावर कॅमेरा किंचित उशिरा वळतो, चेहरा गर्दीत हरवतो, पुन्हा सापडतो.

हा उशीर महत्त्वाचा आहे. नेहमीच्या चित्रपटात कॅमेऱ्याला पुढचे माहीत असते. दार उघडण्याआधीच तो दारावर असतो. इथे कॅमेऱ्याला प्रेक्षकाइतकेच माहीत आहे. अनभिज्ञता अभिनयाने दाखवता आली नसती, म्हणून ती एका माणसाच्या बाबतीत प्रत्यक्षात घडवून आणली. नट तयार, प्रकाश तयार, जागा ठरलेली, फक्त एक दुवा मुद्दाम सैल सोडलेला. अव्यवस्था सगळीकडे नाही, एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण विचारपूर्वक निवडलेले आहे.

(आ) गती. लोकलचा पाठलाग चित्रित व्हायला पाच आठवडे लागले. वाहतूक प्राधिकरणाची गाडी गर्दीच्या वेळा सोडून, सकाळी १० ते दुपारी ३ एवढ्याच वेळात मिळे. पॉन्टियाकच्या बंपरवर बसवलेल्या कॅमेऱ्याने काही भाग सेकंदाला २४ ऐवजी १८ चौकटींनी टिपले. असे चित्रण नेहमीच्या गतीने दाखवले की वेग एक तृतीयांशाने वाढलेला दिसतो. बाबागाडी घेऊन रस्त्यात येणारी बाई स्टंट करणारी होती आणि तिची जागा ठरलेली होती. शेवटी लोकल समोरच्या थांबलेल्या लोकलवर आदळते तो प्रसंग तर उलटाच टिपला आहे. दोन गाड्यांची धडक प्राधिकरण होऊ देणार नव्हते, म्हणून त्या एकमेकींपासून दूर नेल्या आणि फिल्म उलटी फिरवली.

ही झाली नियोजित बाजू. दुसरी बाजू अशी : मिळालेले चित्रण फ्रीडकिनला मिळमिळीत वाटले. त्याने हिकमनला डिवचले आणि हिकमनने त्याला गाडीत बसायचे आव्हान दिले. छतावर पोलिसांचा दिवा लावून हिकमनने पॉन्टियाक २६ ब्लॉक सरळ पळवली. वेग ताशी ९० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटरपर्यंत गेला. रस्ता बंद केलेला नव्हता. मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन स्वतः फ्रीडकिन होता. बाकीच्या कॅमेरावाल्यांना बायकामुले होती, मला नव्हती, हे त्याचे स्पष्टीकरण.

(इ) संकलन आणि ध्वनी. संकलक जेरी ग्रीनबर्गने या दोन प्रकारच्या चित्रणाची वीण घातली. लोकलमधला खुनी, घाबरलेला मोटरमन, स्टिअरिंगवर मूठ आपटणारा डॉइल, बंपरवरून दिसणारा रस्ता, असे चार धागे आलटून पालटून येतात. ठरवलेल्या तुकड्याशेजारी न ठरवलेला तुकडा आला की त्याचा खरेपणा आधीच्याला लागतो. बाबागाडीचा प्रसंग रचलेला आहे हे प्रेक्षकाला जाणवत नाही, कारण तो मघाच्या बेभान धावेला चिकटलेला आहे.

पाठलागात संगीत नाही. डॉन एलिसचे पार्श्वसंगीत चित्रपटात आहे, पण इथे ते गप्प बसते. चाकांचा खडखडाट, पुलाखालचा घुमणारा आवाज, हॉर्न आणि टायर एवढेच ऐकू येते. संगीत पुढे काय वाटायचे हे आगाऊ सांगते. ते काढून घेतले की प्रेक्षकाचे कान कॅमेऱ्यासारखेच अनभिज्ञ होतात. कॅमेऱ्याचा उशीर आणि संगीताचा अभाव ही एकाच तत्त्वाची दोन रूपे आहेत : पुढचे माहीत नसणे.

७. पडताळा : ‘सत्या’

एका उदाहरणावरून काढलेला नियम दुसऱ्यावर घासून पाहावा. आपल्या जवळचे उदाहरण जुलै १९९८ मध्ये आलेल्या राम गोपाल वर्मांच्या ‘सत्या’चे. मुंबईच्या या गुन्हेपटाच्या छायालेखकांत मझहर कामरान यांच्याबरोबर जेरार्ड हूपर हा अमेरिकन होता. मुंबई ज्याला सवयीची नव्हती असा डोळा तिथे कॅमेऱ्यामागे होता.

माहितीच्या पातळीवर ‘सत्या’ कोणत्याही एका प्रकरणाची नोंद नाही. पण १२ ऑगस्ट १९९७ ला गुलशन कुमार यांची अंधेरीत हत्या झाली, तेव्हा आपल्याला काय प्रश्न पडला ते वर्मांनी लिहिले आहे : मारणारा त्या दिवशी किती वाजता उठला असेल? नाश्ता आधी केला की नंतर? हा प्रश्न डॉइलच्या पिझ्झाचा सख्खा भाऊ आहे. गुन्ह्याच्या आजूबाजूचा वेळ हाच या प्रकारच्या चित्रपटाचा खरा माल असतो.

साहित्याच्या पातळीवरही साम्य आहे. चेहरे तेव्हा बव्हंशी अनोळखी होते. भिकू म्हात्रेची बोली मनोज बाजपेयीने घरी कामाला येणाऱ्या कोल्हापूरकडच्या बाईंच्या बोलण्यावरून उचलली, असे सांगतात. बिहारचा नट मराठी माणसाचे हिंदी बोलतो आणि आपल्याला तो परका वाटत नाही, कारण त्याने ‘मराठी उच्चार’ असा सरधोपट काढलेला नाही, एका माणसाचे बोलणे धरले आहे. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तिसऱ्या पातळीवर मात्र वाट फुटते. ‘सत्या’त विशाल भारद्वाजची गाणी आहेत, आणि संदीप चौटाचे पार्श्वसंगीत दणदणीत आहे. फ्रीडकिनचे मौन तिथे नाही, तरीही चित्रपट रखरखीत वाटतो. म्हणजे संगीत नसणे, कॅमेरा हलणे ही खरेपणाची लक्षणे नव्हेत, साधने आहेत. अट एवढीच : प्रसंग आपल्याला पुढचे आगाऊ सांगत नसावा. गल्लीतून अचानक गोळी येते, तेव्हा ‘सत्या’ ती अट पाळतो. हल्लीच्या अनेक मालिका कॅमेरा थरथरवतात, शिव्या पेरतात, रंग काळपट करतात आणि तरी खोट्या वाटतात. त्यांनी साधने उचलली, तत्त्व उचलले नाही.

८. दोष आणि किंमत

विवेचन इथे थांबवले तर अर्धवट राहील, कारण अनभिज्ञता ज्यांच्यावर लादली गेली ते सगळे पगारी नव्हते. ब्राव्होला काय करायचे हे माहीत नव्हते, पण आपण चित्रपटात आहोत हे माहीत होते. पांढऱ्या मोटारीतल्या माणसाला तेही माहीत नव्हते. २६ ब्लॉकांवरच्या कोणालाच नव्हते. ब्रुकलिन पुलावरची वाहतूककोंडी चित्रीकरण पथकाने सुट्टीवरच्या पोलिसांच्या मदतीने परवानगीशिवाय घडवून आणली आणि खरे प्रवासी तिच्यात अडकले. पाठलागासाठी रेल्वे मिळवताना एका अधिकाऱ्याला ४०,००० डॉलर आणि जमैकाचे एकतर्फी तिकीट दिल्याचे फ्रीडकिनने पुढे स्वतःच सांगितले. नोकरी जाणार हे त्या अधिकाऱ्याला आधीच दिसत होते, म्हणून तिकीट एकतर्फी.

कोणी मेले नाही, ही गोष्ट पद्धतीच्या बाजूने पुरावा म्हणून मांडता येत नाही. ते नशीब होते. उतारवयात फ्रीडकिननेही, आता मी तसे करणार नाही, असेच म्हटले. कलेच्या दृष्टीनेही हिशेब तपासण्यासारखा आहे. वर पाहिलेल्या परिणामांपैकी बहुतेक सुरक्षित मार्गाने साधले आहेत : १८ चौकटींची युक्ती, उलटी फिरवलेली फिल्म, दोन लिंकन, ब्राव्होपासून राखलेले गुपित, गप्प ठेवलेले संगीत. बेकायदा धावेतून मिळाले ते थोड्या तुकड्यांचे चित्रण आणि खूप मोठी दंतकथा. पुढच्या पिढ्यांनी दंतकथा गिरवली आणि हिशेब वाचला नाही, ही या चित्रपटाची दुर्दैवी परंपरा आहे.

९. निष्कर्ष

एक : रखरखीत गुन्हेपटाचा खरेपणा घटनेच्या सत्यतेवर अवलंबून नाही. दोन : तो माणसांचे वागणे, हवा आणि वस्तू यांच्या अस्सलपणावर उभा असतो, आणि तेही जे प्रेक्षक जवळून पाहतो तेवढ्यापुरतेच. तीन : पाहण्याच्या पातळीवर त्याचे मर्म ‘पुढचे माहीत नसणे’ हे आहे आणि ते नियोजनानेच साधते. चार : ही अनभिज्ञता फक्त त्यांच्यावर लादावी ज्यांनी होकार दिला आहे. चौथ्या कलमावर ‘द फ्रेंच कनेक्शन’ नापास आहे.

मूळ प्रकरणाने शेवटी चित्रपटालाही मागे टाकले. १९७२ अखेरीस उघड झाले, की पोलिसांच्या मालखान्यातून हेरॉइन चोरीला गेले आहे आणि पुड्यांत पीठ भरलेले आहे. पुड्यांना किडे लागले म्हणून ते कळले. चोरलेल्यात फ्रेंच कनेक्शनचा मालही होता. कोणत्याही निर्मात्याने हा शेवट अतिरंजित म्हणून फेटाळला असता.

चित्रपट पुन्हा पाहणार असाल तर एक करून बघा. पाठलाग एकदा आवाज बंद करून पाहा आणि कुठला तुकडा रचलेला, कुठला बेभान धावेतला, हे ओळखायचा प्रयत्न करा. मग डोळे मिटून नुसते ऐका. दुसऱ्या वेळी ओळखता येणार नाही.